गिनी-बिसाऊ : काजूच्या पोत्यावर छापलेला देश

घाटमाथा (धागाकर्ता)

चंदगड-आजरा भागातल्या एखाद्या काजू कारखान्याच्या गोदामात कधी गेलात तर पोत्यांवरचे शिक्के वाचा. आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, टांझानिया. आणि मध्येच कुठेतरी फिकट निळ्या शाईत गिनी-बिसाऊ. मी कित्येक वर्षं ही पोती उतरवून घेतली, पण हा देश नकाशावर कुठे आहे ते मला सांगता आलं नसतं. २०१८ साली मालकांनी एकदम विचारलं, "पासपोर्ट आहे का रे तुझ्याकडे?" तेव्हा पहिल्यांदा नकाशा काढून बघितला. सेनेगलच्या पोटाखाली, गिनीच्या डोक्यावर, समुद्राला चिकटलेला चिमुकला तुकडा. त्यानंतर तीन हंगाम काढले तिथे, २०१८, २०१९ आणि २०२२.

माझं काम कटिंगचं. म्हणजे थप्पीतल्या इथल्या-तिथल्या पोत्यांतून मूठ-मूठ बी काढायची, किलोभर तोलायची, किती बिया भरल्या ते मोजायचं आणि मग एकेक बी कापून चांगला गर वेगळा, डागी वेगळा, सुरकुतलेला वेगळा, पोकळ वेगळा. त्या वजनावरून ८० किलोच्या पोत्यात किती पौंड गर निघेल ते ठरतं. त्याला आउटटर्न म्हणतात. बिसाऊचा माल बऱ्याचदा पन्नासच्या वर जातो, म्हणून आपल्याकडचे आणि व्हिएतनामचे व्यापारी त्याच्या मागे असतात. दिवसभर बोटं चिकाने काळी होतात, रात्री कातडं निघतं. ते चंदगडात होतं तसंच मान्सोआतही.

देशाचा आकार ३६,१२५ चौरस किलोमीटर. आपला कोकण विभाग ३०,७०० च्या आसपास आहे, त्याहून थोडा मोठा समजा. लोकसंख्या वीस-बावीस लाख. म्हणजे मुंबईच्या उपनगरातले दोन-चार वॉर्ड एकत्र केले की झालं. राजधानी बिसाऊ, गेबा नदीच्या मुखावर. आत गेलात की मान्सोआ, बाफाता, गाबू. पश्चिमेला खारफुटी आणि भातखाचरं, मध्ये काजू आणि ताडमाड, पूर्वेला जरा कोरडा माळ, जिथे फुला लोकांची गुरं चरतात. डोंगर म्हणावा असा डोंगर नाही; आग्नेयेला बोएकडे थोडे चढ आहेत, तेही तीनशे मीटरच्या आतबाहेर. आंबोलीहून गेलेल्या माणसाला सगळं सपाटच वाटतं.

निर्यातीतून येणाऱ्या पैशातले नव्वद टक्क्यांहून जास्त एकट्या कच्च्या काजूचे. एप्रिल ते जून हा हंगाम. तेवढ्या तीन महिन्यांत घराघरात वर्षाचा तांदूळ येतो की नाही ते ठरतं. सरकार दरवर्षी हंगामाच्या तोंडावर किमान दर जाहीर करतं. माझ्या पहिल्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जुझे मारिउ वाझ यांनी किलोला १००० सीएफए फ्रँक असा दर सांगितला. शेतकरी खूश, व्यापारी गार. त्या दराला कोणी माल उचलेना. आम्ही मान्सोआजवळ एका पत्र्याच्या शेडमध्ये वजनकाटा लावून नुसते बसून. एक बाई डोक्यावर ॲल्युमिनियमचं घमेलं घेऊन रोज यायच्या, काट्याकडे बघायच्या, आमच्या दुभाष्याला विचारायच्या, "आज किती?" तो आकडा सांगायचा. त्या काही न बोलता घमेलं उचलून परत जायच्या. नवव्या की दहाव्या दिवशी त्यांनी घमेलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, पैसे नकोत, तांदूळ द्या. आणि हळूच पुढे म्हणाल्या, "जितु का तेन." इलाज नाही. क्रिओल या तिथल्या पोर्तुगीजमिश्रित बोलीतला मी शिकलेला हा पहिला वाक्प्रचार. त्या देशात तो दिवसातून वीस वेळा ऐकू येतो.

सरकारबद्दल नंतर लिहितो, ते लांबण आहे. तोवर कोणी तिकडे गेलं असेल तर लिहा.

मीठमिरची

छान लिहिलंय. पण मला वाटत होतं गिनी म्हणजे ते पापुआ न्यू गिनी, जिथे पिसांचे मुकुट घालतात ते! आफ्रिकेत वेगळी गिनी आहे होय?

नकाशेवाला

मीठमिरची, आफ्रिकेत तीन आहेत. गिनी (राजधानी कोनाक्री), गिनी-बिसाऊ आणि विषुववृत्तीय गिनी. पापुआ न्यू गिनी पार ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर. पहिली फ्रेंचांची, दुसरी पोर्तुगीजांची, तिसरी स्पॅनिशांची. शेजारच्या गिनीशी घोळ होऊ नये म्हणून यांनी राजधानीचं नाव देशाला जोडून घेतलं. आणि आजीच्या डबीत असायची ती सोन्याची गिनी, तिचंही नाव याच किनाऱ्यावरून आलं, कारण इंग्रज त्या नाण्यासाठी सोनं तिकडून आणायचे.

धागाकर्ते, क्षेत्रफळाबद्दल एक जोड. ३६,१२५ हा पूर्ण आकडा झाला, पण कोरडी जमीन म्हणाल तर २८,००० चौरस किलोमीटरच्या आसपासच भरते. बाकीचं नद्या, खाड्या आणि चिखल. काशेउ, मान्सोआ, गेबा, कोरुबाल या नद्यांची मुखं म्हणजे खरं तर समुद्रात बुडालेली खोरी. उतार इतका कमी की भरतीचं पाणी कितीतरी किलोमीटर आत घुसतं. नकाशावर निळी रेघ दिसते ती प्रत्यक्षात सहा तास नदी आणि सहा तास चिखल असते. रस्त्याने वीस किलोमीटरवर असलेलं गाव पूल होईपर्यंत होडीच्या वेळेवर अवलंबून होतं. मान्सोआ नदीवरचा जुआंव लांदिंगचा पूल आणि काशेउ नदीवरचा सांव व्हिसेंतचा पूल, हे दोन्ही २००० नंतरचे. त्याआधी उत्तरेकडे सेनेगलला जाणारा प्रत्येक ट्रक तराफ्यावर चढायचा.

मांडवी

मी पणजीची. धागा बघून राहवलं नाही.

गोंयकाराला गिनी-बिसाऊ परका नाही हो. एक तर काजू. ब्राझीलहून पोर्तुगीजांनी तो इकडेही आणला आणि तिकडेही नेला. क्रिओलमध्येसुद्धा त्याला 'काजु'च म्हणतात. साबणाला 'साबोंव', पावाला 'पोंव', मेजाला 'मेसा'. एका लिस्बनच्या मैत्रिणीकडे बिसाऊचे पाहुणे आले होते, आम्ही स्वयंपाकघरात उभे राहून असे शब्द मोजत बसलो होतो. त्यांनाही बोंडूच्या रसाची दारू ठाऊक, आम्हालाही. आमच्याकडे हुर्राक आणि फेणी. त्यांच्याकडे ताजा आंबलेला रस तसाच पितात, काजूची वाइन म्हणतात, आणि ऊर्ध्वपातन केलेली कडक वेगळी. गंमत म्हणजे तिथे बी व्यापाऱ्याला जाते आणि बोंडू बायकांच्या हातात राहतं, त्यामुळे रसाचा पैसा त्यांचा.

दुसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. गोवा १९६१ ला मुक्त झाला, पण पोर्तुगालने ते कागदावर मान्य केलं ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. मधली तेरा वर्षं त्यांच्या लेखी आम्ही 'व्यापलेला प्रांत' होतो. ते का बदललं? २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये लष्करानेच हुकूमशाही उलथवली म्हणून. आणि ते लष्कर कुठे पोळलं होतं? अंगोला, मोझांबिक आणि सगळ्यांत जास्त गिनीत. गिनीचे गव्हर्नर राहिलेले जनरल स्पिनोला क्रांतीनंतर पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे तिथल्या बालांता जमातीच्या शेतकऱ्यांनी चिखलात केलेल्या लढाईचा एक धागा आमच्या कागदपत्रांपर्यंत येतो.

आणखी एक. १९६१ साली कासाब्लांकात पोर्तुगीज वसाहतींमधल्या चळवळींची संयुक्त संघटना झाली, तिच्यात गोव्यातले गटही होते. बार्देशचे आक्विनो द ब्रागांसा त्यातले महत्त्वाचे. गिनी-बिसाऊच्या लढ्याचे नेते आमिल्कार काब्राल यांच्याशी त्यांचा जवळचा संबंध. पुढे ते मोझांबिकला गेले आणि १९८६ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात वारले.

घाटमाथा

वा, मांडवीताई, ही कराराची तारीख मला नवीन. काब्राल यांचं नाव निघालंच आहे तर लिहितो.

आमिल्कार काब्राल बाफातात जन्मले, १२ सप्टेंबर १९२४. घर अजून आहे, बैठं, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. माणूस शेतकी शास्त्रज्ञ. लिस्बनला शिकून आले आणि १९५३ मध्ये सरकारी नोकरीत असताना सगळ्या वसाहतीची शेतीगणना केली. गावोगाव फिरले, कोण काय पिकवतो, जमीन कोणाची, भात किती, भुईमूग किती. पुढे हीच माहिती त्यांनी लढ्याला वापरली. कुठल्या समाजात राजा आहे, कुठे नाही, कोणाशी काय बोलायचं, हे त्यांना बांधावर बसून कळलं होतं. १९५६ ला पक्ष काढला. ३ ऑगस्ट १९५९ ला बिसाऊच्या पिजिगिती धक्क्यावर संपकरी गोदी कामगारांवर गोळीबार झाला, डझनांनी माणसं गेली. तिथून शहराचा नाद सोडून ते खेड्यांकडे वळले. जानेवारी १९६३ मध्ये तितेच्या छावणीवर हल्ला करून युद्ध सुरू झालं. २० जानेवारी १९७३ ला कोनाक्रीत त्यांच्याच पक्षातल्या माणसांनी त्यांना गोळ्या घातल्या. आठ महिन्यांनी, २४ सप्टेंबर १९७३ ला, बोएच्या रानात स्वातंत्र्याची घोषणा झाली, तीही पोर्तुगीज फौज देशात असताना! नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने त्याचं स्वागत केलं. पोर्तुगालने मानलं १० सप्टेंबर १९७४ ला. आता समाधी बिसाऊच्या आमुरा किल्ल्यात आहे, आणि तो किल्ला लष्कराच्या ताब्यात. आत जायला शिपायाची परवानगी लागते. मला दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा सोडलं.

तर्कटी

इतिहास ठीक. पण हा देश जगाला कशासाठी माहीत आहे ते कोणी लिहीत नाहीये. सत्तांतरं आणि कोकेन. लॅटिन अमेरिकेतून युरोपात जाणारा माल याच देशाच्या बेटांवर उतरतो. २०१९ मध्ये एका धाडीत पावणेदोन टनांहून जास्त सापडलं होतं. स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षांत लष्कराने किती वेळा सरकार पाडलं याचा हिशोब द्या. काब्राल यांच्या नावाने गळा काढून काय उपयोग? घटना, निवडणुका, संसद सगळं आहे, चालत काहीच नाही.

घाटमाथा

हिशोब देतो. मी सरकारबद्दल लिहिणारच होतो.

पहिले राष्ट्राध्यक्ष लुईश काब्राल, आमिल्कार यांचे सावत्र भाऊ. १४ नोव्हेंबर १९८० ला त्यांना त्यांच्याच पंतप्रधानांनी, नीनु व्हिएरा यांनी हटवलं. तेव्हाच केप व्हर्दे या शेजारच्या बेटांच्या देशाशी एक होण्याचा बेतही बारगळला. १९९४ ला पहिली बहुपक्षीय निवडणूक, व्हिएराच जिंकले. जून १९९८ मध्ये लष्करप्रमुख आंसुमान माने यांच्याशी बिनसलं आणि अकरा महिने बिसाऊत तोफा चालल्या. १९९९ ला व्हिएरांची सत्ता गेली. २००० ला कुंबा याला आले, तत्त्वज्ञानाचे मास्तर, डोक्यावर कायम बालांतांची लाल टोपी. २००३ ला त्यांनाही लष्कराने काढलं. २००५ ला व्हिएरा परत निवडून आले! मार्च २००९ मध्ये लष्करप्रमुख बॉम्बस्फोटात मेले आणि काही तासांतच सैनिकांनी व्हिएरांना त्यांच्या घरी ठार मारलं. २०१२ ला मतदानाच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये पुन्हा लष्कर. २०१४ ला वाझ. मुदत पूर्ण करणारे निवडून आलेले पहिले राष्ट्राध्यक्ष हेच. मग २०२० पासून उमारु सिसोको एंबालो. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी इमारतीवर हल्ला झाला, ते वाचले. मी त्यानंतर दोन महिन्यांनी पोचलो तर भिंतींवर गोळ्यांच्या खुणा. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात मतदान झालं, निकाल लागायच्या आदल्या दिवशी लष्कराने सत्ता घेतली आणि एका जनरलला हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ दिली.

आता 'चालत काहीच नाही' याबद्दल. या सत्तांतरापर्यंतची घटना बऱ्याच अंशी पोर्तुगालच्या वळणाची होती. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा, पण पंतप्रधान संसदेतल्या बहुमताचा. संसदेत १०२ जागा. दोघंही म्हणतात मला लोकांनी निवडलंय. एकाच पक्षाचे असले तरी भांडतात, वाझ आणि त्यांचे पंतप्रधान एकाच पक्षाचे होते. २०१५ मध्ये पंतप्रधानांना काढलं आणि मग एकामागून एक पंतप्रधान आले नि गेले. संसद मधली दीड-दोन वर्षं भरलीच नाही. आपल्याकडे राज्यपाल आणि मुख्यमंत्री एकमेकांना पत्रं लिहितात ना, तसंच, पण तिथे दोघांपैकी कोण खरं ते शेवटी तिसरा ठरवतो आणि त्याच्याकडे बंदूक असते.

लष्कराचा स्वभावही समजून घ्या. हे लष्कर देशाच्या आधीचं आहे. लढ्यातले गनिमीच गणवेशात आले. त्यांच्या मनात 'देश आम्ही आणला, सरकारं नंतरची' असं असतं. आणि पेन्शन, पगार, बढत्या यांचा तिढा कधी सुटलाच नाही.

तर्कटी, अमली पदार्थांचं तुम्ही म्हणता ते खरं. पण मी तीन हंगामांत खेड्यांत फिरलो, मला ते दिसलं नाही. ज्या माणसांना मी भेटलो त्यांना कोकेनची किंमत ठाऊक नव्हती, काजूची होती. सरकार त्यांच्यापर्यंत वर्षातून एकदाच पोचतं, रेडिओवर दर सांगायला.

नकाशेवाला

आणि वीज? बिसाऊ शहराची वीज नदीत नांगरलेल्या एका तुर्की जहाजावरून यायची असं वाचलंय.

घाटमाथा

हो, तरंगतं वीजघर. २०२३ च्या ऑक्टोबरात थकबाकी वाढली म्हणून त्या जहाजाने पुरवठा तोडला, अख्खी राजधानी अंधारात. मी तेव्हा नव्हतो, पण आमचा दुभाष्या फोनवर म्हणाला, "आमच्या गावात काही फरक पडला नाही. आमच्याकडे नव्हतीच."

बोंडवाडी

मला वेगळंच बोलायचंय. मी वेंगुर्ल्याकडचा काजू बागायतदार. तुमचा हा आफ्रिकेचा माल आला की आमच्या बीचा दर पडतो, हे कोण सांगणार? आम्ही वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ ची कलमं लावली, फवारण्या केल्या, मजुरी चारशे-पाचशे. आणि मार्चमध्ये व्यापारी म्हणतो, 'गोदामात बाहेरची बी पडून आहे, तुमची नंतर बघू.' आयात शुल्क वाढवा म्हणून दरवर्षी निवेदनं देतो. तुम्ही त्या बाईच्या घमेल्याची गोष्ट लिहिलीत, वाईट वाटलं. पण आमच्या घमेल्याचं काय?

घाटमाथा

दादा, तुमचं बोलणं रास्त आहे, मी कारखान्याच्या बाजूचा माणूस म्हणून मला टोचतंही. फक्त एवढंच सांगतो. आपल्याकडची बी कारखान्यांना वर्षातले काही महिनेच पुरते, बाकीचे महिने सोलणाऱ्या बायकांना काम द्यायचं तर माल बाहेरून आणावा लागतो. पण खरेदी नेमकी तुमच्या हंगामात दर पाडायला वापरली जाते, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. ते चूकच.

आणि तिकडेही अडचण हीच आहे. देशात प्रक्रिया जवळपास नाहीच. बी कच्ची जाते, गर दुसरीकडे निघतो, फरकाचा पैसा दुसऱ्यांचा. तुम्ही आणि त्या बाई एकाच काट्याच्या दोन बाजूंना नाही, एकाच बाजूला उभे आहात.

बोंडवाडी

हे पटलं. पण निवेदन देणारच.

घाटमाथा

द्याच.

बाओबाब

मी सात वर्षं डाकारला, सेनेगलच्या राजधानीत आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळे. बिसाऊला चारदा गेले, त्यातलं दोनदा बिजागोस बेटांवर. घाटमाथा यांनी बेटांबद्दल काहीच लिहिलं नाही याचा निषेध!

अठ्ठ्याऐंशी बेटं आहेत, माणसं राहतात ती वीसेकच. बाकीची काही पवित्र मानलेली, तिथे फक्त विधींसाठी किंवा हंगामी शेतीसाठी जायचं, वस्ती करायची नाही, रक्त सांडायचं नाही. त्यामुळेच निसर्ग टिकला. १९९६ पासून युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र होतं, २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं. पोइलांव नावाच्या टीचभर बेटावर हिरवी समुद्री कासवं हजारोंनी अंडी घालतात. ओरांगो बेटावर खाऱ्या पाण्यात शिरणारे पाणघोडे. आम्ही ते बघायला पहाटे गुडघाभर गवतातून चालत गेलो, वाटाड्या पुढे, तो हातानेच थांबायची खूण करायचा. एका तळ्यात सात नाकपुड्या दिसल्या. बस. तेवढ्यासाठी दोन दिवसांचा प्रवास, आणि पुन्हा जाईन.

बिजागो लोकांनी पोर्तुगीजांना १९३६ पर्यंत दाद दिली नाही. कान्याबाक बेटावरचा शेवटचा उठाव तेव्हा मोडला. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं, पूजेचा मान बायकांकडे मोठा, घरंही बऱ्याचदा बायकाच बांधतात. 'बायकांचं राज्य' असं पर्यटकांना सांगतात ते मात्र जरा फुगवलेलं. म्हाताऱ्या पुरुषांचा शब्दही तेवढाच चालतो.

बोलामा बेट आवर्जून बघा. १९४१ पर्यंत राजधानी तिथे होती. आता खांबांचा नगर परिषदेचा वाडा पडलेला, आतून झाडं उगवलेली, वटवाघळं. इंग्रज आणि पोर्तुगीज या बेटावरून भांडत होते तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १८७० मध्ये पोर्तुगालच्या बाजूने निवाडा दिला. कृतज्ञता म्हणून चौकात त्यांचा पुतळा उभारला. २००७ साली तो पुतळाच चोरीला गेला!

मीठमिरची

पुतळा चोरीला!! जेवायला काय मिळतं तेही लिहा ना कोणीतरी.

बाओबाब

भात. सकाळ-संध्याकाळ भात. 'बियांदा' म्हणजे जेवण, आणि जेवण म्हणजे भातच. पोळी-भाकरी विसरा. शेंगदाण्याच्या कुटाचा रस्सा, त्याला काल्दु दि मांकारा म्हणतात, मांकारा म्हणजे भुईमूग. मी केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, दाण्याची आमटीच आहे की, फक्त कोंबडी पडलीय. दुसरं म्हणजे पामच्या लालभडक तेलातली मासळी. आणि जेवणानंतर वार्गा: छोट्या किटलीत कोळशावर उकळलेला हिरवा चहा, चिक्कार साखर, उंचावरून ओतून फेस काढलेला. एका चहाला तास जातो. घाईच्या माणसाने बसूच नये.

आणि बायकांची भिशी! तिकडे 'आबोता' म्हणतात. बांदिं बाजारात मासे विकणाऱ्या बायका रोजचे पैसे गटात टाकतात, पाळीपाळीने एकीला मिळतात. शिवाय 'मांजुआंदादी' नावाचे गट असतात, एका वयाच्या बायकांचे. बारसं, लग्न, मयत, सगळीकडे हा गट उभा. पाण्याने भरलेल्या टबात दुधीभोपळ्याचं अर्धं कवच पालथं घालून त्यावर ताल धरतात आणि गाणी म्हणतात. गाण्यांत सवतीला टोमणे, नवऱ्याला टोमणे. ओव्या ऐकत मोठ्या झालेल्या बाईला भाषांतराची गरज पडत नाही.

तर्कटी

बाओबाब, ही माहिती आवडली. लोक किती प्रकारचे आहेत तिथे? धर्मावरून किंवा जमातींवरून भांडणं?

बाओबाब

साधारण अठ्ठावीस टक्के फुला, बावीस-तेवीस टक्के बालांता, पंधराएक टक्के मांदिंगा, मग पापेल, मांजाकु, बियाफादा, मांकान्या, बिजागो, फेलुपे. निम्म्याच्या जवळपास मुसलमान, बाकी ख्रिस्ती आणि पूर्वजांचे, झाडांचे, जागांचे देव मानणारे; बरेच जण दोन्ही करतात. राजकारणात जमातीचा हिशोब असतो, कुंबा यालांच्या वेळी बालांता म्हणून मतं फिरली. पण आपल्याला भीती वाटते तसली दंगल मी ऐकली नाही. एकाच आळीत मशीद, चर्च आणि दोरे बांधलेलं झाड. राजभाषा पोर्तुगीज, ती रोज बोलणारे थोडे. सगळ्यांना जोडते ती क्रिओल. 'कुमा दि कुर्पु?' म्हणजे शरीर कसं आहे? आपलं 'तब्येत काय म्हणते' तसंच. हे विचारल्याशिवाय मुद्द्यावर आलात तर तुम्ही उद्धट.

मांडवी

घाटमाथा, तुम्ही 'भातखाचरं' एवढंच लिहून पुढे गेलात. खाऱ्या जमिनीतली शेती ना ती? आमच्या खाजणांसारखी?

घाटमाथा

बरोबर ओळखलंत, आणि मला त्यावरच खरं तर लिहायचं होतं.

बालांतांच्या शेताला 'बोलान्या' म्हणतात. खाडीकाठची खारफुटी तोडायची, चिखलाचा मोठा बांध घालून भरतीचं पाणी बाहेर ठेवायचं, आणि दोन-तीन पावसाळे नुसतं पावसाचं पाणी साठवून, सोडून, पुन्हा साठवून जमिनीतलं मीठ धुवायचं. मग भात. सगळं हाताने. अवजार एकच, केबिंदे: माणसापेक्षा लांब दांड्याचं लाकडी फावडं, टोकाला लोखंडी पट्टी. ते चिखलात मारून, मांडीवर दांडा टेकवून, एका झटक्यात ढेकूळ उलटवतात. मी करून बघितलं. पहिल्या झटक्याला मी चिखलात आणि फावडं जागेवर. सगळी आळी हसली.

बालांतांना राजा नव्हता. वयाच्या गटांनी काम वाटलेलं: या वयाच्या पोरांनी बांध, त्या वयाच्या माणसांनी वाटप, म्हाताऱ्यांनी निवाडा. बांध फुटला तर रात्री उठून सगळे. एकट्याचं शेत वाचवता येतच नाही, कारण पाणी एकट्याच्या शेतात शिरत नाही. तुमच्याकडे गावाने मिळून जमीन राखायची गांवकरी होती, रायगडात खारबंदिस्तीची सामायिक कामं होती, तेच.

आता तोटा कुठे झाला ते बघा. लढाईत बॉम्बफेकीने बांध फुटले. नंतर तरुण पोरं बिसाऊला, डाकारला, लिस्बनला गेली. बांध धरायला माणसं कमी. दरम्यान ऐंशीच्या दशकात व्यापार खुला झाला आणि वरकस जमिनीवर काजू लागला. त्याला बांध नको, चिखल नको, रोप टाकलं की तीन-चार वर्षांत बी. मग काजू द्यायचा आणि आशियातून आलेला तांदूळ घ्यायचा. जो देश आपला भात स्वतः पिकवत होता तो आमच्या शेडसमोर घमेलं घेऊन उभा राहिला. वाझ यांनी 'मों ना लामा' म्हणून भातशेतीची मोहीम काढली होती, अर्थ 'हात चिखलात'. नाव झकास. पण राष्ट्राध्यक्षांच्या मोहिमेने बांध धरत नाही, त्याला पंचवीस तरुण पोरं लागतात.

मांडवी

आमच्याकडेही तेच. खाऱ्या जमिनीतलं कोरगुट भात लावणारे बोटावर मोजण्याइतके. बांध फुटतो, पाणी शिरतं, मग मासे सोडतात किंवा मातीचा भराव घालून प्लॉट पाडतात. पाणी आत-बाहेर सोडायला आमच्याकडे 'मानस' असते, लाकडी दारांची. भरतीला आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. त्यांच्याकडे काय असतं?

घाटमाथा

दार नसतं. ताडाचं खोड आतून पोखरून बांधात आडवं घालतात, आतल्या तोंडाला चिखल आणि पेंढ्याचा बोळा. पाणी सोडायचं तेव्हा बोळा काढायचा, भरतीआधी पुन्हा ठासायचा. ते काम एका पोराकडे असतं आणि त्याला भरतीच्या वेळा तोंडपाठ. हल्ली बऱ्याच ठिकाणी पीव्हीसीचा पाइप आलाय.

मी २०२२ ला गेलो तेव्हा त्या घमेलंवाल्या बाईंच्या घरी जेवायला गेलो होतो. मागच्या बांधात पाइप होता, आणि त्याच्या तोंडात बोळा म्हणून आमच्या कारखान्याचं जुनं पोतं कोंबलेलं. शिक्का अर्धा दिसत होता.

मीठमिरची

फोटो काढलात का??

घाटमाथा

काढला, पण भरती आली होती, नुसतं पाणी दिसतंय.